बायकोकडे जाण्याचा प्रकल्प: नोंदवही

५ जानेवारी २०२५, रविवार

भोसरीतल्या ज्या कारखान्यात मी प्लॅनिंगला आहे, तिथे एक नियम आहे. काम झालं की त्याच दिवशी नोंद, दोन ओळींची का होईना. आठवणीवर विसंबणारा माणूस ऑडिटच्या दिवशी मरतो. तोच नियम आजपासून घरच्या कामाला लावतोय.

प्रकल्प: नवरा-बायकोने एकाच शहरात राहणे.

सद्यस्थिती: अजून नवरा-बायको नाही. १६ फेब्रुवारीला होऊ. ती ऑक्टोबर २०२१ मध्ये मास्टर्सला जर्मनीत श्टुटगार्टला गेली, तिथेच नोकरीला लागली. मी कोथरूडमध्ये. या सव्वातीन वर्षांत तिच्या चार फेऱ्या इकडे झाल्या, माझी एक तिकडे. बाकी सगळा संसार फोनवर.

कोणी कोणाकडे जायचं यावर फार चर्चा झाली नाही. तिचं काम तिथे चांगलं चाललंय आणि माझ्यासारखं काम तिथेही असतं. मी 'इकडे ये' म्हणालो असतो तर ती आली असती, हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणालो नाही.

तिच्याकडे ब्लू कार्ड आहे. पदवी आणि ठरावीक रकमेच्या वर पगार असलेल्या परदेशी माणसाला तो परवाना मिळतो. २०२५ साठी ही रेषा वर्षाला ४८,३०० युरो, आणि जिथे माणसं कमी पडतात त्या क्षेत्रांत ४३,७५९ युरो ८० सेंट. ते ८० सेंट वाचले आणि आपली गाठ कुणाशी आहे ते कळलं.

व्हिसासाठीच्या कामांच्या एक्सेलमध्ये ४१ ओळी झाल्या. तीन लाल: जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षा, लग्नाची नोंदणी, आणि अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का.

२५ जानेवारी, शनिवार

ए-वन झाली. सकाळी वनाझहून मेट्रो, रुबी हॉलला उतरून बोट क्लब रोडपर्यंत चालत, मॅक्स म्युलर भवन. पुण्यात जर्मन शिकणं ही काही नवलाई नाही. आमच्या मजल्यावरच्या काकू रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या होत्या, त्या अजून जिन्यात 'गुटेन मॉर्गन' म्हणतात. पण चौतिसाव्या वर्षी, दिवसभर डिस्पॅचची बोंबाबोंब ऐकून, रात्री 'डेर, डी, डास' पाठ करणं वेगळं. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी, मुलगी नपुंसकलिंगी. आईला सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे पोर नपुंसकलिंगीच की रे. ते पोर."

ऐकणं, वाचणं, लिहिणं मिळून तासाभराचा पेपर, मग गटात बसून बोलणं. बोलण्यात आधी स्वतःची ओळख, मग परीक्षक एखादं नाव अक्षर-अक्षर करून सांगायला लावतात. मला माझं मधलं नाव, म्हणजे बाबांचं, विचारलं. डे, आ, टे, टे, आ, टे, एर, आ, इप्सिलोन. वायला ते इप्सिलोन म्हणतात. मला ते अक्षर फार आवडतं, जोरात म्हटलं. बाई हसल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ए-वनचा निकाल: १०० पैकी ८१. पास व्हायला ६० लागतात.

रात्री तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "मस्त! तसं ब्लू कार्डवाल्यांच्या नवऱ्या-बायकोला ए-वन लागत नाही."

मी फोन लावला. हे तिला कधीपासून माहीत होतं? सप्टेंबरपासून. मग बोलली का नाहीस? "इथे येऊन बेकरीत पाव तरी मागता यायला हवा ना तुला. लागत नाही म्हटलं असतं तर तू क्लासला गेला असतास?"

नसतो गेलो. ओळ ७ हिरवी केली, शेराच्या रकान्यात 'अनावश्यक, तरी उपयुक्त' लिहिलं. पाच महिने आणि क्लासची फी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लग्न रविवारी झालं. त्याची नोंद इथे करत नाही, त्याला फोटोग्राफर होता.

विवाह नोंदणी. ती २२ तारखेला परत जाणार, उद्या शिवजयंतीची सुट्टी, म्हणजे हातात फक्त आज, परवा आणि शुक्रवार. नवरा-बायको दोघंही समोर हजर पाहिजेत, त्यामुळे 'मी नंतर करून घेतो' याला जागाच नाही. १९९८ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे नमुना 'ड' भरायचा, त्यावर शंभराचा कोर्ट फी स्टॅम्प, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, आणि ज्यांनी लग्न लावलं त्या गुरुजींची सही.

गुरुजींची सही हाच आजचा अवघड टप्पा. मुहूर्ताचे दिवस, गुरुजी एका कार्यालयातून दुसऱ्यात. शेवटी सकाळी साडेसहाला एरंडवण्यातल्या एका कार्यालयाच्या मागच्या दाराशी गाठले. सोवळं नेसलेले, एका हातात पळी. अर्ज भिंतीला टेकवून सही केली, वर म्हणाले, "आधारची झेरॉक्स व्हॉट्सॲपवर टाकतो. हल्ली मंत्रांपेक्षा सह्याच जास्त करतो."

क्षेत्रीय कार्यालयात अकरा वाजता. टेबलावरच्या बाईंनी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला, दोन झेरॉक्स कमी निघाल्या, खाली जाऊन आणल्या. माझा मामा, तिची मावशी आणि माझा मित्र साक्षीदार. मामाने सही इंग्रजीत केली, आधारवर मराठीत आहे म्हणून पुन्हा केली. नमुना मी स्वतः भरला, बॉलपेनने, घाईघाईत, मामा मागून "पार्किंगवाला ओरडतोय" म्हणत असताना. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवलं आहे.

तिने आडनाव बदललेलं नाही. पासपोर्ट जसा होता तसा राहील. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, आई तर म्हणाली, "बरं झालं, मला बदलताना रेशनकार्डाने रडवलं होतं."

२२ फेब्रुवारी

सोडून आलो. पहाटे द्रुतगती मार्ग, विमानतळ, परत. काही नोंद नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विवाह नोंदणीचा दाखला मिळाला. नमुना 'ई', मराठी-इंग्रजी दोन्हीत. ओळ १२ हिरवी. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. वाचला नाही.

२४ मार्च, सोमवार

अपोस्टिल होऊन आलं. दाखल्याच्या पाठीवर चौकोनी स्टिकर. याला एजंटाने ४,५०० रुपये घेतले: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचं. सोळा दिवस गेले, पण लाल ओळींतली शेवटची हिरवी झाली. खूश होऊन रात्री कधी नव्हे ते मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाची माहिती नीट, पहिल्यापासून वाचायला घेतली.

भारत २००५ साली अपोस्टिल करारात आला. जर्मनीने तेव्हाच हरकत नोंदवली. म्हणजे भारतातलं अपोस्टिल शंभर देशांत चालतं आणि जर्मनीत चालत नाही. ते मागतच नाहीत. त्यांना शंका आली तर ते त्यांच्या पद्धतीने, त्यांचा माणूस पाठवून कागद पडताळतात, आणि त्याचा खर्च आपण द्यायचा.

एजंटाला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही अपोस्टिल मागितलं, मी करून दिलं. जर्मनी म्हणाला असतात तर सांगितलं असतं." त्याचं बरोबर आहे. कारखान्यात कुणी मला न विचारता सुट्या भागाची ऑर्डर टाकली तर मी हेच बोलतो.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आजपासून त्यांचं घड्याळ तासभर पुढे. काल आमच्यात साडेचार तास होते, आज साडेतीन.

दूर राहणाऱ्यांना हा तास किती मोठा, ते सांगून कळायचं नाही. हिवाळ्यात ती सहाला कामावरून सुटते तेव्हा इथे साडेदहा वाजलेले असतात. ती घरी पोचून चहा टाकेपर्यंत साडेअकरा, आणि माझी गाडी सकाळी सातला. पाच महिने मी झोपेत 'हं, हं' करतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडण होतं. उन्हाळ्यात तेच बोलणं साडेदहाला होतं आणि भांडणं निम्म्यावर येतात. याला पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त फोनची यादी आहे, पण आकडा खात्रीचा.

गुढी उभारताना तिला व्हिडिओवर घेतलं. तिकडे पहाटेचे पाच, तिचा तासही गेलेला. "कडुनिंब माझ्या वाटचा पण खा," म्हणाली आणि झोपली.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

सगळे कागद स्कॅन करायला जेवणाच्या टेबलावर मांडले. जर्मन परराष्ट्र खात्याने या वर्षापासून राष्ट्रीय व्हिसाचे अर्ज ऑनलाइन पोर्टलवर घ्यायला सुरुवात केली आहे: आधी सगळं चढवायचं, ते वरवर तपासतात, मग भेटीची वेळ, तिथे मूळ कागद आणि बोटांचे ठसे.

बाबा वीज मंडळातून निवृत्त. हिशेब विभागात तेहतीस वर्षं. त्यांना कागद दिसला की हात शिवशिवतात. चष्मा पुसला, स्टीलची फूटपट्टी आणली आणि दाखल्यावर ओळीखाली पट्टी ठेवून एकेक अक्षर वाचायला लागले. मी स्कॅनरपाशी. वरण गॅसवर.

पट्टी थांबली.

"हे माझं नाव नाही."

मी म्हटलं, बाबा, दत्तात्रयच लिहिलंय.

"मराठीत बरोबर आहे. इंग्रजी वाच."

पासपोर्टवर बाबांचं नाव वायवर संपतं. दाखल्यावर वायनंतर आणखी एक ए. दत्तात्रय आणि दत्तात्रया. एक अक्षर. कार्यालयाची चूक म्हणावी तर माझ्याकडे नमुना 'ड'ची झेरॉक्स आहे, माझ्याच अक्षरात, बॉलपेनने, ए स्पष्ट काढलेला. पार्किंगवाल्याला शिव्या घालून उपयोग नाही.

मग शोध सुरू झाला. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर ए आहे. माझ्या पासपोर्टवर नाही. बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर ए आहे, आधारवर नाही, आणि बँकेच्या जुन्या पासबुकात तर 'दत्तात्रेय', मध्ये ई. बाबा तिन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसले. "म्हणजे पेन्शन घेतो तो वेगळा, आधारवाला वेगळा," म्हणाले. आई आतून म्हणाली, "आणि मी लग्न कुणाशी केलं?"

आता हे एवढं का नडतं? आपल्याकडे बाबांचं नाव मध्ये येतं, पासपोर्टमध्ये ते आपल्याच नावाच्या रकान्यात जातं. जर्मनांच्या फॉर्मवर 'फोरनामे' आणि 'नाखनामे', म्हणजे पहिलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव हा प्रकारच नाही. म्हणून त्यांच्या दृष्टीने माझं पहिलं नाव दोन शब्दांचं आहे आणि त्यातला दुसरा शब्द 'दत्तात्रय' आहे. तिच्या तिथल्या आरोग्य विम्याच्या कार्डावरही तिच्या नावाला तिच्या बाबांचं नाव चिकटलंय. तेव्हा दाखल्यावरचा नवरदेव आणि पासपोर्टवरचा अर्जदार ही कागदोपत्री दोन माणसं झाली, आणि लग्न त्यातल्या भलत्याशीच लागलेलं.

फॉर्ममध्ये 'गेबुर्ट्सनामे' असाही रकाना आहे, जन्माचं आडनाव. तो पुरुषांनाही भरायचा. हे मात्र मला आवडलं.

वरण लागलं.

९ एप्रिल, बुधवार

अर्धी रजा. क्षेत्रीय कार्यालय, त्याच बाई. त्यांनी दाखला पाहिला, पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "सगळे मुलीच्या नावात घोळ करतात, तुम्ही स्वतःच्याच बापाच्या नावात केलात." दुरुस्तीचा अर्ज, नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, पासपोर्टची प्रत, मूळ दाखला परत. आणि अर्जावर दोघांच्या सह्या.

ती श्टुटगार्टला. स्कॅन केलेली सही चालणार नाही, शाईची हवी. अर्ज कुरिअरने तिकडे, सही होऊन परत इकडे.

लक्षात आलं ते असं: मूळ दाखला परत म्हणजे त्याच्या पाठीवरचं अपोस्टिलही परत. ४,५०० रुपयांचं नको असलेलं स्टिकर, चुकलेल्या कागदावर. तिला सांगितलं तर ती इतकी हसली की शेजारची मैत्रीण विचारायला आली.

२ मे

सही आली. जाऊन-येऊन एकवीस दिवस. पाकिटात तिने बेकरीची एक पावती टाकली होती, मागे लिहिलं होतं, 'हे मागता येतं का बघ'. आलं. 'आइने ब्रेत्सेल, बिटे.' ए-वन वसूल.

२६ मे, सोमवार

दुरुस्त दाखला हातात. आजच मान्सून पुण्यात दाखल झाल्याचं जाहीर झालं, मे महिन्यात. कर्वे रस्त्यावर गुडघाभर पाणी. दाखला शर्टाच्या आत, वर रेनकोट, त्यावर सॅक पुढे घेतलेली. घरी येईपर्यंत मी चिंब, दाखला कोरडा. बाबांनी पट्टी ठेवून वाचला आणि खाली पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केली. मी खोडली.

८ जून

पोर्टलवर सगळं चढवलं: पासपोर्ट, दाखला, तिचा पासपोर्ट आणि ब्लू कार्ड, तिथल्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद, तिचा करार, पगाराच्या चिठ्ठ्या. ए-वनचं प्रमाणपत्रही चढवलं. मागितलं नव्हतं. मेहनत दिसू दे.

'कधी जाणार' या रकान्यापाशी अडलो. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. हा व्हिसा साधारण तीन महिन्यांचा मिळतो, तेवढ्यात तिथे पोचायचं आणि पुढचा निवास परवाना तिकडच्या कार्यालयातून घ्यायचा. व्हिसा यायच्या आधी राजीनामा दिला आणि व्हिसा नाकारला, तर घरी. व्हिसा आल्यावर दिला तर नोटीस आणि व्हिसा एकाच दिवशी संपणार. खूप गणित करून १ डिसेंबर लिहिलं. तारीख पुढची दिली की व्हिसा त्या तारखेपासून चालू होईल आणि नोटिशीला श्वास मिळेल. प्लॅनिंगवाल्याची बुद्धी इथे एकदाच कामी आली.

१ जुलै

आजपासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावरचा फेरविचाराचा अर्ज जगभर बंद केला. आतापर्यंत नकार आला तर दूतावासालाच पत्र लिहून 'पुन्हा बघा' म्हणता यायचं, फुकटात. आता पुन्हा नव्याने अर्ज, नाहीतर थेट बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात. दाखला पुन्हा काढून वाचला. मग तिचे सगळे कागद वाचले. मग आमच्या सोसायटीचं मेंटेनन्सचं बिलही वाचून काढलं.

२२ जुलै, मंगळवार

भेट. मुंबईत, कारण पुण्यातली तारीख दिसत नव्हती. सहाची मेट्रो, सव्वासातची डेक्कन क्वीन, घाटात धुकं, डब्यात कटलेट. साडेबारा वाजता खिडकीसमोर.

सोबत ६२ पानांची फाइल होती. आमचं नातं खरं आहे हे दाखवायला: २०१९ च्या सिंहगडच्या फोटोपासून, तिकिटं, बोर्डिंग पास, फोनच्या यादीची दर महिन्याची एकेक पानं, पार्सलच्या पावत्या, २०२३ मध्ये मी तिकडे गेलो तेव्हाचा शेंगेन शिक्का. अनुक्रमणिका, पृष्ठक्रमांक, रंगीत फ्लॅप. असं सजवलेलं ऑडिट फोल्डर मी कंपनीतही कधी केलं नाही.

खिडकीपलीकडच्या मुलीने यादीप्रमाणे कागद घेतले. फोटो मोजला, ३५ बाय ४५ मिलिमीटर, पास. ७५ युरोंचे रुपये. दहा बोटं, नीट उमटत नव्हती, 'पुसून ठेवा'. शेवटी मी फाइल सरकवली.

"ये क्या है?"

"रिलेशनशिप का प्रूफ."

तिने अनुक्रमणिका पाहिली, हसू दाबलं आणि फाइल परत सरकवली. "मॅरेज सर्टिफिकेट है ना. बस."

एकूण चौदा मिनिटं. इतक्या वर्षांची ६२ पानं नको, आणि एका अक्षरासाठी सात आठवडे. तक्रार नाही, नोंद करतोय.

संध्याकाळी ५.१० च्या डेक्कन क्वीनने परत. फाइल आईने मागून घेतली. रात्री बारापर्यंत तिच्या खोलीचा दिवा चालू होता. सकाळी एवढंच म्हणाली, "तो निळा स्वेटर तिथे घालायचास होय? मी इथे शोधत होते."

२८ ऑगस्ट

काल गणपती आले, आज दीड दिवसाचे गेले. पोर्टलवर 'प्रक्रियेत'. सदतीस दिवस तेच.

काका आले होते. मोदक संपेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "म्हणजे तू तिकडे घरजावई?" मी म्हटलं, काका, सासरे हडपसरला राहतात, घरजावई व्हायला हडपसरला जावं लागेल. "तसं नाही रे, बायकोच्या जिवावर म्हणजे..." इथे बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, "बेचाळीस वर्षांपूर्वी ही माझ्या बदलीपायी नाशिकची नोकरी सोडून आली. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं जिवाचं." काकांनी आणखी एक मोदक घेतला.

माहितीसाठी: ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिथे पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. नोकरी मिळेपर्यंत तिच्या सरकारी आरोग्य विम्यात मी फुकट बसतो, माझी कमाई यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, महिना ५३५ युरोंच्या आत असली तर. आणि मी पुण्यात आहे तोवर ती करासाठी एकटीच धरली जाते, तिकडे गेलो की कराचा वर्ग बदलता येतो. "तू आलास की माझा टॅक्स कमी होणार. म्हणजे हुंडा आलाच," असं तिचं म्हणणं. काकांना हे सांगितलं नाही.

११ सप्टेंबर

निरोप: पगाराच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या, शेवटच्या तीन महिन्यांच्या द्या. तिने अर्ध्या तासात पाठवल्या, मी दहा मिनिटांत चढवल्या. त्या चाळीस मिनिटांत मी दोनदा खाली जाऊन चहा प्यालो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पोर्टलवर शब्द बदलला. मंजूर.

लाइनवर होतो, मशिन बंद पडलेलं, चार जण माझ्याकडे बघत होते. फोन खिशात ठेवला आणि आधी मशिनचं बघितलं. तिकडे सकाळचे साडेसात, ती बसमध्ये असणार. पंधरा मिनिटांनी कळवलं. पंधरा मिनिटं उशीर केला म्हणून अजून ऐकतोय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पासपोर्ट आला. व्हिसा १ डिसेंबरपासून, तीन महिने. नाव पाहिलं. बाबांनी पट्टीने पाहिलं. इप्सिलोन, आणि पुढे काही नाही.

दुपारी राजीनामा. साहेबांनी वाचला, ९० दिवस मोजले, ११ जानेवारी. "बायकोकडे? मग काय अडवणार," म्हणाले. तरी दोन वेळा अडवून पाहिलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळ पुन्हा मागे, साडेचार तास. शेवटचा हिवाळा, असं दोघंही म्हणालो, आणि रात्री पावणेबाराला 'हं, हं' वरून भांडलो.

९ नोव्हेंबर, रविवार

ओळी ४१ होत्या, ५८ झाल्या, आता सहा उरल्यात. प्रवासी विमा, तिकीट, पीएफ, दाताचं काम. तिकडे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी, ती तिने घेऊन ठेवली आहे. बॅगेत २३ किलो. आई गोडा मसाला पाच किलोपासून बोलायला सुरुवात करते, दीडवर आणली आहे.

ॲक्टिव्हा गेली. वरच्या मजल्यावरच्या मुलाने घेतली, १८ हजारांना, हेल्मेटसकट. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० जेवणाच्या टेबलावर बसून भरले. मालकाच्या वडिलांचं नाव, असा रकाना आहे. आरसी बुक शेजारी घेतलं. तिथे मध्ये ई आहे.

बाबांना पट्टी आणायला सांगितली.